‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’ : न्यायालयीन थरारपटातील अभिनय आणि साक्षीची विश्वासार्हता

सारांश

ओटो प्रेमिंजर दिग्दर्शित ‘ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) हा अमेरिकन न्यायालयीन थरारपटांतील एक मानदंड मानला जातो. या चित्रपटात ज्या गुन्ह्यावर खटला चालतो तो गुन्हा पडद्यावर कोठेही दाखविलेला नाही. त्यामुळे पात्रांचे बोलणे, पाहणे आणि वागणे हाच प्रेक्षकांसमोरील प्रमुख पुरावा ठरतो. प्रस्तुत लेखात जेम्स स्ट्युअर्ट, ली रेमिक, बेन गझारा, जॉर्ज सी. स्कॉट आणि जोसेफ वेल्श यांच्या भूमिकांचा या दृष्टीने विचार केला असून साक्षीदाराच्या वर्तनावरून सत्य ओळखता येते काय, या प्रश्नाशी त्याचा संबंध जोडला आहे.

प्रस्तावना

न्यायालय आणि रंगभूमी यांतील साम्य नवे नाही. दोन्ही ठिकाणी ठरलेल्या जागा असतात, ठरलेला वेष असतो, बोलण्याचा क्रम ठरलेला असतो आणि समोर बसलेल्यांचे मन वळवावयाचे असते. चित्रपटाने हे साम्य फार लवकर हेरले. १९५७ ते १९५९ या तीन वर्षांत हॉलिवूडमध्ये या प्रकारातील तीन महत्त्वाच्या कलाकृती निर्माण झाल्या. सिडनी ल्युमेट यांच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) मध्ये खटला संपल्यानंतरची ज्यूरीची खोली दिसते. बिली वाइल्डर यांच्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ (१९५७) मध्ये चार्ल्स लॉटन आणि मार्लिन डीट्रिच यांच्या अभिनयाच्या बळावर रहस्य शेवटपर्यंत राखले जाते आणि अखेरच्या काही मिनिटांत ते उलगडते. तिसरी कलाकृती म्हणजे प्रस्तुत चित्रपट होय. पहिल्या दोन्ही चित्रपटांच्या शेवटी प्रेक्षकाला एक प्रकारचे समाधान लाभते. प्रेमिंजर यांच्या चित्रपटात ते लाभत नाही. एकशे साठ मिनिटांनंतर निकाल लागतो, पण घडले काय याचे उत्तर मिळत नाही. ही अनिश्चितता पटकथेइतकीच अभिनयातून निर्माण झालेली आहे.

कादंबरी आणि चित्रपटाची पार्श्वभूमी

चित्रपटाचा आधार असलेली कादंबरी १९५८ मध्ये रॉबर्ट ट्रॅव्हर या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तिचे लेखक जॉन व्होल्कर हे त्या वेळी मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. त्यापूर्वी त्यांनी मार्केट परगण्याचे सरकारी वकील म्हणून दीर्घकाळ काम केले होते. १९५२ मध्ये त्याच भागातील बिग बे या गावी एका लष्करी अधिकाऱ्याने मद्यगृहाच्या मालकाचा गोळ्या घालून वध केला. आपल्या पत्नीवर त्या इसमाने बलात्कार केला, असे त्याचे म्हणणे होते. या खटल्यात व्होल्कर यांनी आरोपीची बाजू मांडली आणि वेडाच्या मुद्द्यावर तो निर्दोष सुटला. कादंबरी या अनुभवातून आकारास आली.

प्रेमिंजर यांनी चित्रीकरणासाठी स्टुडिओतील सजावट न वापरता मिशिगनच्या उत्तरेकडील तोच प्रदेश निवडला. मूळ खटला चालला ते मार्केटचे न्यायालयच चित्रपटात दिसते. पटकथा वेंडेल मेज यांची, छायाचित्रण सॅम लेव्हिट यांचे आणि संगीत ड्यूक एलिंग्टन यांचे आहे. शरीराचे तुटलेले अवयव दाखविणारी सॉल बास यांची श्रेयनामावली आजही अभ्यासली जाते. बलात्कारासंबंधीची वैद्यकीय आणि कायदेशीर परिभाषा या चित्रपटात उघडपणे उच्चारली जाते. त्या काळी ती इतकी धक्कादायक वाटली की शिकागो शहरात प्रदर्शनास परवानगी नाकारण्यात आली. हा वाद न्यायालयात गेल्यानंतर ती बंदी उठली.

कथानकाचा कायदेशीर गाभा

लेफ्टनंट मॅनियन (बेन गझारा) याने बार्नी क्विल या मद्यगृहमालकास ठार केले आहे, याविषयी कोणाचाच वाद नाही. वाद आहे तो कारणाविषयी आणि मनःस्थितीविषयी. मॅनियनची पत्नी लॉरा (ली रेमिक) सांगते की क्विलने तिच्यावर बलात्कार केला. मात्र ही घटना समजल्यानंतर सुमारे तासाभराने मॅनियन पिस्तूल घेऊन गेला. मध्ये गेलेल्या या वेळामुळे क्षणिक संतापाचा बचाव दुबळा होतो. अशा वेळी बचाव पक्षाचा वकील पॉल बीगलर (जेम्स स्ट्युअर्ट) ‘अनावर प्रेरणा’ या तत्त्वाचा आश्रय घेतो. आपण करतो ते चूक आहे हे कळत असूनही मानसिक विकारामुळे स्वतःला आवरणे अशक्य झाले, असा या बचावाचा अर्थ आहे. त्यासाठी बीगलर आणि त्याचा वृद्ध, मद्यासक्त सहकारी पार्नेल (आर्थर ओकॉनेल) जुने ग्रंथ चाळून मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८८६ मधील ड्युर्फी खटल्यातील निर्णय शोधून काढतात.

या सर्वांच्या आधी कारागृहातील एक प्रसंग येतो. खुनाच्या आरोपातून सुटण्याचे मार्ग किती, हे बीगलर आपल्या अशिलास शिक्षकाच्या थाटात समजावून सांगतो. तो खून नव्हताच, तो आरोपीने केलाच नाही, तो कायद्याने समर्थनीय होता, किंवा तो क्षम्य होता, असे चार मार्ग तो मोजतो आणि पहिले तीन एकेक करून बंद करतो. उरलेल्या चौथ्या मार्गावर पाऊल ठेवण्याचे काम मात्र तो मॅनियनवर सोपवतो. मॅनियन अडखळत, अंदाज घेत, आपण वेडे झालो असलो पाहिजे असे बोलून दाखवतो. आपण नेमके किती वेडे झालो होतो ते आठवून पाहा, असे सांगून बीगलर निघून जातो. खोटे बोलण्यास त्याने सांगितलेले नाही. तरीही खरे काय ते त्याने विचारलेले नाही. वकिलाने अशिलास कायदा समजावून सांगणे हे कर्तव्य आहे, परंतु कायदा समजावताना कथाही सुचवली जात असेल तर ते कोठवर योग्य, हा वकिली व्यवसायाच्या नीतिशास्त्रातील कूटप्रश्न या एका प्रसंगात मूर्त झाला आहे.

जेम्स स्ट्युअर्ट : साधेपणाचा वापर

‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ (१९३९) आणि ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) या चित्रपटांपासून स्ट्युअर्ट यांची प्रतिमा सरळ, प्रामाणिक, काहीसा अडखळत बोलणारा सज्जन अशी दृढ झालेली होती. प्रेमिंजर यांनी ही प्रतिमा जशीच्या तशी घेतली आणि तिच्यातच संशयाची जागा ठेवली. बीगलर स्वतःला खेड्यातला साधा वकील म्हणवतो. अभियोग पक्षाचे वकील बोलत असताना तो मान खाली घालून मासेमारीचा गळ बांधत बसतो. त्याचे लक्ष नाही असे वाटावे आणि नेमक्या क्षणी त्याने उठून हरकत घ्यावी, असे वारंवार घडते.

स्ट्युअर्ट यांच्या अभिनयाचे वैशिष्ट्य संतापाच्या प्रसंगांत विशेष जाणवते. बीगलर आवाज चढवतो, टेबलावर हात आपटतो, न्यायाधीशांची ताकीद ओढवून घेतो. दुसऱ्याच क्षणी तो शांतपणे आपल्या जागी येऊन बसतो. हा संताप खरा होता की ज्यूरीसाठी होता? स्ट्युअर्ट यांचा चेहरा याचे उत्तर देत नाही. एका ठिकाणी न्यायाधीश ज्यूरीला एक विधान विचारात घेऊ नका असे बजावतात. ऐकलेले न ऐकल्यासारखे कसे करता येईल, असे मॅनियन विचारतो. ते करता येत नाही, असे बीगलर शांतपणे सांगतो. या उत्तरात विजयाचा आनंद नाही आणि खंतही नाही. केवळ व्यवसायाचे ज्ञान आहे. नायकाविषयीचा प्रेक्षकाचा आदर टिकवून त्याच्या साधनांविषयी अस्वस्थता निर्माण करणे हे या भूमिकेचे यश होय. व्हेनिस चित्रपट महोत्सवात स्ट्युअर्ट यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ऑस्करचे नामांकनही लाभले.

ली रेमिक : दोन वेषांतील एकच स्त्री

लॉराच्या भूमिकेसाठी प्रथम लाना टर्नर यांची निवड झाली होती. नंतर ती ली रेमिक यांच्याकडे आली. त्या वेळी रेमिक यांच्या नावावर मोजकेच चित्रपट होते. प्रेक्षकांच्या मनात त्यांची ठाम प्रतिमा नसणे हे या भूमिकेस उपकारक ठरले.

बीगलरला प्रथम भेटताना लॉरा तंग विजार आणि काळा चष्मा अशा वेषात येते. चष्मा काढल्यावर डोळ्याभोवतीची इजा दिसते. तिचे बोलणे मोकळे, हसणे सैल, आणि बसणे-उठणे पुरुषांचे लक्ष वेधणारे आहे. बलात्कारित स्त्रीने कसे दिसावे याविषयी समाजाच्या काही ठाम अपेक्षा असतात. लॉरा त्यांपैकी एकही पुरी करीत नाही. बीगलर हे ओळखतो आणि खटल्याच्या काळात तिने साधा पोशाख, चष्मा आणि टोपी घालावी, असा आग्रह धरतो. पुढे न्यायालयात तोच तिला टोपी आणि चष्मा काढावयास सांगतो. केस मोकळे होतात आणि ज्यूरीला ती जशी आहे तशी दिसते. एकाच वकिलाने गरजेनुसार तिला झाकले आणि उघडे केले, ही बाब सूचक आहे.

उलटतपासणीच्या वेळी तिच्या सवयी, अंतर्वस्त्रे, एकटीने मद्यगृहात जाणे यांविषयी प्रश्न विचारले जातात. नवऱ्याने तिला जपमाळेवर हात ठेवून शपथ घ्यावयास का लावली, हा प्रश्न येतो तेव्हा रेमिक यांचा आवाज प्रथमच लहान होतो. नवऱ्याचाच तिच्यावर विश्वास नव्हता काय, तिच्या अंगावरील इजा नेमक्या कोणाच्या हातच्या, ही शंका येथे उभी राहते. लॉरा रडून सहानुभूती मागत नाही. ती बचावते, चुकते, पुन्हा सावरते. तिचे म्हणणे खरे असू शकते आणि तरीही तिचे वागणे ‘योग्य’ नसू शकते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे रेमिक यांच्या भूमिकेमुळे स्पष्ट होते. पुरस्कारांच्या यादीत ही भूमिका मागे राहिली असली तरी चित्रपटाचा नैतिक भार तिच्यावरच आहे.

बेन गझारा : न सांगितलेले मन

गझारा रंगभूमीवरून आलेले नट होते. त्यांचा मॅनियन थंड, उर्मट आणि सावध आहे. सिगारेटची लांब नळी हातात धरून तो वकिलाकडे मोजून पाहतो. पत्नीविषयी तो बोलतो तेव्हा प्रेमापेक्षा मालकीची भावना अधिक जाणवते. असा मनुष्य स्वतःवरचा ताबा हरवून बसला असेल यावर विश्वास ठेवणे कठीण, आणि नेमका तोच त्याचा बचाव आहे. कारागृहातील एक कैदी साक्ष देतो की आपण वकिलाला फसवले अशी बढाई मॅनियनने मारली. त्या वेळी मॅनियन उसळून उभा राहतो. हा उद्रेक अनावर प्रेरणेचा पुरावा म्हणावा की पकडले गेल्याचा संताप, हे ज्यूरीने ठरवावयाचे आहे. गझारा यांनी दोन्ही अर्थ जिवंत ठेवले आहेत.

जॉर्ज सी. स्कॉट : उलटतपासणीचे शस्त्र

क्लॉड डान्सर हा राजधानी लान्सिंगहून पाठविलेला सरकारी वकील आहे. स्कॉट यांची ही चित्रपटांतील अगदी आरंभीची भूमिका होय. त्यांनी डान्सर शांत, नेटका आणि जवळ येणारा असा रंगवला आहे. तो साक्षीदाराच्या इतक्या जवळ उभा राहतो की साक्षीदाराला वकिलाचा चेहराच दिसावा. आवाज मऊ ठेवून तो प्रश्नांचा वेग वाढवत नेतो. तरुण लष्करी मनोविकारतज्ज्ञाकडून तो एक महत्त्वाची कबुली काढून घेतो. मॅनियनला बरे-वाईट कळत असू शकेल, हे तज्ज्ञ मान्य करतो. येथे खटला संपला असे वाटते आणि तेथेच ड्युर्फी निर्णयाचे महत्त्व सिद्ध होते.

डान्सरचा पाडाव मेरी पिलंट (कॅथरिन ग्रँट) हिच्या साक्षीत होतो. लॉराचे फाटलेले अंतर्वस्त्र तिला क्विलच्या हॉटेलातील धुण्याच्या कपड्यांत सापडलेले असते. ती क्विलची रखेल असावी आणि मत्सरापोटी साक्ष देत असावी, अशा समजुतीने डान्सर तिच्यावर तुटून पडतो. त्यावर क्विल आपले वडील होते, असे ती सांगते. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारू नये, हा वकिलीतील जुना धडा येथे नाट्यरूप घेतो. स्कॉट यांच्या चेहऱ्यावर या क्षणी फारसे काही हलत नाही. केवळ त्यांची गती थांबते, आणि तेवढे पुरेसे ठरते. स्कॉट आणि ओकॉनेल या दोघांनाही सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. चित्रपटास एकूण सात नामांकने लाभली, परंतु ‘बेन-हर’च्या त्या वर्षीच्या झंझावातात एकही पुरस्कार पदरी पडला नाही.

जोसेफ वेल्श : नट नसलेला न्यायाधीश

न्यायाधीश वीव्हर यांची भूमिका जोसेफ वेल्श यांनी केली. ते व्यवसायाने वकील होते. १९५४ मध्ये दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेल्या लष्कर विरुद्ध सिनेटर मॅकार्थी या सुनावणीत त्यांनी लष्कराची बाजू मांडली आणि मॅकार्थी यांच्या सभ्यतेलाच जाहीर आव्हान दिले होते. अमेरिकन प्रेक्षकांना हा चेहरा परिचित होता. या निवडीमुळे एक विलक्षण परिणाम साधला गेला. सर्व नट वकील आणि साक्षीदार यांचे सोंग वठवीत असताना मध्यभागी बसलेला माणूस खरोखरच कायद्याच्या जगातील आहे. अंतर्वस्त्राचा उल्लेख येताच श्रोत्यांत हशा पिकतो. तेव्हा एका माणसाचा मृत्यू आणि दुसऱ्याचा संभाव्य कारावास या गोष्टींशी निगडित वस्तूत हसण्यासारखे काही नाही, अशी समज ते देतात. वेल्श यांचा किंचित कोरडा, विनोदाची चाहूल असलेला स्वर या प्रसंगास अधिकार प्राप्त करून देतो.

भारतीय न्यायव्यवस्थेच्या संदर्भात

हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, २७ एप्रिल १९५९ रोजी, मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीच्या प्रियकराची गोळ्या झाडून हत्या केली. दोन्ही प्रकरणांत सेनादलातील अधिकारी, पत्नीशी संबंधित कारण, मध्ये गेलेला वेळ आणि ज्यूरी हे घटक समान आहेत. मात्र नानावटी प्रकरणात बलात्काराचा आरोप नव्हता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने नानावटी यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी त्याशी असहमत होऊन प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. पत्नीची कबुली आणि हत्या यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले असल्याने गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा बचाव मान्य झाला नाही.

बीगलरचा बचाव भारतात टिकला नसता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये कृत्याचे स्वरूप किंवा त्याची अयोग्यता न कळणे ही कसोटी होती. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही तत्त्व तेच आहे. केवळ अनावर प्रेरणा हा भारतीय कायद्यानुसार बचाव होऊ शकत नाही.

लॉराच्या उलटतपासणीचा मुद्दा अधिक निकटचा आहे. मिशिगन राज्याने १९७४ मध्ये कायदा करून पीडितेच्या पूर्वचारित्र्याविषयीच्या पुराव्यावर कडक मर्यादा घातल्या. अमेरिकेत अशा स्वरूपाच्या आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १५५ मधील चौथ्या पोटकलमानुसार बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री अनीतिमान असल्याचे दाखवून तिची विश्वासार्हता खोडता येत असे. ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीने रद्द झाली. डान्सरचे प्रश्न आज दोन्ही देशांत बव्हंशी अग्राह्य ठरतील. परंतु त्या प्रश्नांमागची दृष्टी कायद्याबरोबर नाहीशी झाली असे म्हणता येत नाही.

याशिवाय साक्षीदाराच्या वर्तनाचा प्रश्न उरतोच. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम २८० नुसार साक्ष देताना साक्षीदार कसा वागला याविषयी न्यायाधीशास महत्त्वाचे वाटणारे शेरे नोंदवावयाचे असत. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ही तरतूद राखली आहे. घाम, अडखळणे, नजर चुकवणे यांना पुराव्याइतके नसले तरी काही महत्त्व दिले जाते. घाबरलेला सत्यवक्ता आणि सराईत खोटारडा यांच्या बाबतीत ही खूण उलटी पडू शकते, हा इशारा चित्रपटातील प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेतून मिळतो.

समारोप

ज्यूरी मॅनियनला वेडाच्या मुद्द्यावर निर्दोष ठरवते. दुसऱ्या दिवशी बीगलर आपले शुल्क घेण्यासाठी त्याच्या फिरत्या घराच्या जागी जातो तेव्हा तेथे कोणी नसते. मागे एक चिठ्ठी असते. तीत आपल्याला निघून जाण्याची अनावर प्रेरणा झाली, असे मॅनियनने कळवलेले असते. कचऱ्यात रिकाम्या बाटल्या आणि लॉराचा उंच टाचेचा बूट पडलेला असतो. जाताना ती रडत होती, असे तेथील रखवालदार सांगतो. वकिलाने पुरवलेला शब्द अशिलाने वकिलावरच उलटवला आहे.

या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, गुन्हा न दाखवण्याच्या निर्णयामुळे या चित्रपटात अभिनयाला पुराव्याचे स्थान प्राप्त झाले आहे. दोन, प्रमुख नटांनी आपापल्या पात्राविषयीचा अंतिम निवाडा देण्याचे टाळले असून हा संयमच चित्रपटाच्या थराराचा उगम आहे. तीन, वेष, स्वर आणि वर्तन शिकवता येते हे दाखवून चित्रपट साक्षीच्या मूल्यमापनाविषयी मूलभूत प्रश्न उपस्थित करतो. विधी, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि नाट्यशास्त्र या विषयांच्या अध्यापनात या चित्रपटाचा एकत्रित उपयोग करता येण्यासारखा आहे. विशेषतः कारागृहातील संभाषण आणि लॉराची उलटतपासणी हे दोन प्रसंग विद्यार्थ्यांना दाखवावेत आणि मॅनियन व लॉरा यांवर विश्वास ठेवला की नाही, व कशावरून, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. कारणे वाचल्यावर त्यांतील किती पुराव्यावर आणि किती चेहऱ्यावर आधारलेली आहेत हे विद्यार्थ्यांना स्वतःच दिसून येईल.